नितळ आणि निर्मळ

दारव्ह्यासारख्या गावी बसून समुद्राविषयी लिहावयाचे हे थोडे धाडसाचेच काम आहे. आमच्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड, त्यावर त्याच दगडाची झिजून झालेली काळी माती आणि त्या मातीत कापूस. लोक जिला 'शकुंतला' म्हणत ती मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंद रेल्वे साहेबाने आमच्या मोतीबागेवरून नेली तीही या कापसासाठीच. समुद्राशी आमचा संबंध म्हणावयाचा तर एवढाच, की पावसाळ्यात शिवारातून वाहून जाणारे पाणी अडाण, पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करीत अखेर बंगालच्या उपसागरास मिळते. कापूस पश्चिमेच्या समुद्राकडे जाई, पाणी पूर्वेच्या समुद्राकडे जाते. समुद्र मात्र आमच्याकडे कधी आला नाही.

माझ्या बैठकीच्या खोलीत तो गेली काही वर्षे आहे. दोनशे लिटरांची काचेची पेटी, तीत खारे पाणी, आणि त्या पाण्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउन मासे, काही गोगलगायी, एक कोळंबी. घरी येणारा पाहुणा मासे पाहून झाले की हटकून एकच प्रश्न विचारतो, "पाणी किती दिवसांनी बदलता?" सगळे पाणी कधीच बदलत नाही, असे सांगितले की त्याच्या चेहऱ्यावर किळस आणि अविश्वास यांचे मिश्रण उमटते. त्यात त्याचा काही दोष नाही. जे पाणी बदलले जात नाही ते स्वच्छ कसे राहील, हा प्रश्न युरोपातल्या पंडितांनाही चांगला पन्नास वर्षे छळत होता. त्याचे उत्तर कसे मिळाले, ती हकीकत मला नेहमीच एखाद्या कादंबरीसारखी वाटत आली आहे. शिवाय तिचा शेवट समुद्रात होत नाही, शेतातल्या मातीत होतो. म्हणून ती वऱ्हाडातल्या माणसाने सांगण्यास हरकत नसावी.

प्रारंभी दोन शब्दांचा विचार करू. मराठीत पाणी नितळ असते आणि निर्मळही असते. बोलताना आपण हे शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांत अंतर आहे. ज्याच्या आरपार दिसते ते नितळ. ज्यात मळ नाही ते निर्मळ. आमच्या आजीच्या काळी पावसाळ्यातले गढूळ पाणी गुंडात भरले की त्यात तुरटी फिरवीत, किंवा निवळीची बी उगाळून घालीत. तासा-दोन तासांत गाळ तळाशी बसे आणि वरचे पाणी काचेसारखे दिसे. निवळीचा हा गुण आपल्याकडे प्राचीन काळापासून ठाऊक आहे. संस्कृतात तिला 'कतक' म्हणतात. पण निवळीने पाणी नितळ होते, निर्मळ होतेच असे नाही. पटकीचे जंतू नितळ पाण्यातही सुखाने राहतात. डोळ्यांना जे दिसते तेवढ्यावर पाण्याची परीक्षा करू नये हा धडा माणसाला फार उशिरा मिळाला, आणि तो मिळण्यास या काचेच्या पेट्यांचाही थोडाबहुत हातभार लागला.

*

समुद्रातले प्राणी काचेत ठेवून पाहण्याचा शास्त्रशुद्ध उद्योग प्रथम केला तो झान विलप्रो-पॉवर या फ्रेंच बाईने. सिसिली बेटावरच्या मेसीना बंदरात 1832 साली तिने काचेच्या पेट्या करविल्या. आर्गोनॉट नावाचा शिंपलेवाला अष्टपाद प्राणी आपला शिंपला स्वतः बनवितो की दुसऱ्याचा बळकावितो, असा वाद त्या वेळी चालू होता. तो स्वतःच बनवितो, हे तिने प्रत्यक्ष पाहून सिद्ध केले. पण तिच्या दाराशी समुद्र होता. पाणी बिघडले तर नवे आणण्यास पैसा पडत नव्हता.

खरी परीक्षा झाली ती लंडनमध्ये. अ‍ॅना थिन ही वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेच्या एका धर्माधिकाऱ्याची पत्नी. 1846 साली टॉर्कीच्या किनाऱ्यावर तिला जिवंत पोवळ्याचे प्राणी सापडले आणि ते तिने दगडी बरणीतून लंडनला आणले. काही काळ किनाऱ्यावरून पाणी मागविले. पण हे किती दिवस चालणार? मग तिने एक साधी युक्ती काढली. उघड्या खिडकीपाशी उभे राहून मोलकरणीने ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतावयाचे. रोज अर्धा ते पाऊण तास हा कार्यक्रम चाले. वारा पाण्यात मिसळला की पाणी ताजे राहते, एवढेच तिने ताडले होते. पुढे तिने समुद्रशैवालेही पाण्यात सोडली. प्राणी जगले, वाढले, त्यांची पिलेही झाली. इतिहासात नाव राहिले ते थिनबाईंचे. समुद्र जिवंत ठेवला तो त्या मोलकरणीच्या मनगटांनी.

ही युक्ती खरी, पण ती का चालते हे कोणी सांगावे? रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनज्ञाने 1850 साली केमिकल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. त्याने काचेच्या भांड्यात गोड्या पाण्यात दोन सोनमासे ठेवले, तळाशी वाळू, माती व दगड घातले आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली. मासा कर्बवायू सोडतो, वनस्पती तो घेते आणि प्राणवायू देते, असा त्याचा हिशेब. थोड्याच दिवसांत वनस्पतीची पाने कुजून पाणी नासू लागले. तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि पाणी पुन्हा स्वच्छ झाले. वनस्पती, प्राणी आणि सफाई करणारा असा त्रिकोण जमला की पाणी आपोआप शुद्ध राहते, हा त्याचा निष्कर्ष. पुढे त्याने हाच प्रयोग खाऱ्या पाण्यातही केला.

या निष्कर्षाने इंग्लंड वेडे झाले. 1845 साली काचेवरचा कर उठला होता, काच स्वस्त झाली होती, रेल्वेने लोक समुद्रावर जाऊ लागले होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली मत्स्यगृह उघडले. त्याच्या उभारणीत ज्याचा हात होता त्या फिलिप हेन्री गॉसने 1854 मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले आणि बैठकीच्या खोलीत समुद्र असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट ठरली. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी गॉसने कृत्रिम समुद्रजलाची कृतीही सांगितली: साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि थोडे पोटॅशियम क्लोराइड. चुन्याचे क्षार त्याने मुद्दाम वगळले. ते साध्या पाण्यातच पुरेसे असतात असा त्याचा अंदाज होता. दारव्ह्याच्या बोअरचे जड पाणी ज्याने चाखले आहे त्याला हा अंदाज पटावा.

पण बहुतेक घरांत अनुभव निराळाच आला. पहिले पंधरा दिवस पाणी आरशासारखे. मग एक दिवस मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागत, आणि दुसऱ्या दिवशी घरभर दुर्गंधी. वॉरिंग्टनच्या त्रिकोणात प्रत्येक कोपरा नीट भरलेला असूनही प्राणी मरत. काही वर्षांत वेड ओसरले, रिकाम्या पेट्या माळ्यावर गेल्या. किनाऱ्याचे नुकसान मात्र भरून आले नाही. संग्राहकांच्या झुंडींनी इंग्लंडच्या खडकांवरची सुंदर डबकी कशी ओरबाडून नेली, याची खंत गॉसच्याच मुलाने, एडमंडने, 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात व्यक्त केली आहे. ज्या वेडाला बापाने जन्म दिला त्याचा हिशेब मुलाने मांडला.

वेड ओसरले तरी काही चिवट माणसे मागे राहिली. विल्यम ऑल्फर्ड लॉइड हा त्यांतला एक. 1864 साली त्याने हॅम्बुर्गचे मत्स्यालय रचले. 1871 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे. त्याची कल्पना अशी, की दर्शनी टाक्या लहान असाव्यात आणि त्यांच्याखाली, अंधारात, त्यांहून कितीतरी मोठा हौद असावा. वाफेच्या यंत्राने पाणी अहोरात्र त्या हौदातून वर यावे आणि खाली जावे. पाणी बदलावयाचे नाही, फिरवावयाचे. अंधारामुळे हिरवळ धरत नसे आणि खळाळल्याने वारा मिसळे. थिनबाईंच्या मोलकरणीचे काम आता वाफेचे यंत्र करू लागले होते. लॉइडला वाटे, वाऱ्यातला प्राणवायू पाण्यातला मळ जाळून टाकतो. त्याचे म्हणणे निम्मे खरे होते. जाळणारा कोणी दुसराच होता.

*

हा दुसरा सापडला तो पॅरिसच्या सांडपाण्यात. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. पाण्यात तो दिसत नाही, आणि तळहातभर पाण्यात तो चिमूटभर जरी झाला तरी मासा गुदमरतो. समुद्राचे पाणी थोडे अल्कधर्मी असल्याने त्यात हे विष अधिकच जहाल होते. म्हणजे पाणी नितळ असतानाच मासे का मरत, याचे उत्तर हे.

1877 साली श्लोझिंग आणि म्यूंत्स या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश झिरपविले. वीस दिवस काहीच घडले नाही. जसा अमोनिया वरून गेला तसाच खालून आला. मग एकाएकी तो नाहीसा होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट, म्हणजे आपला सोरा, बाहेर पडू लागला. हा नुसता रासायनिक बदल असता तर पहिल्या दिवशीच घडता. वीस दिवस लागले ते कशासाठी? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, काम थांबले. वाफ काढून मूठभर मातीचे धुवण घातले; काम पुन्हा सुरू झाले. जो गुंगीच्या औषधाने झोपतो आणि मातीच्या पाण्याने पुन्हा उगवतो तो निर्जीव कसा असेल? वाळूच्या कणाकणावर कोणी जिवंत जीव बसला होता आणि तो अमोनिया खाऊन सोरा करीत होता.

येथे या कथेतला मला सर्वांत प्रिय असलेला योग येतो. ही बातमी ऐकून इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात एका रसायनज्ञाने हेच प्रयोग हाती घेतले. अनेक वर्षे खपून त्याने दाखवून दिले की हे काम दोन टप्प्यांत होते: एक जंतू अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. या रसायनज्ञाचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. सोनमासे आणि गोगलगायी ठेवणाऱ्या वॉरिंग्टनचा हा मुलगा. वडिलांनी निबंध वाचला तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा होता. वडील 1867 साली वारले. आपल्या भांड्याच्या तळाशी घातलेली वाळू आणि माती हीच खरी सफाई करीत होती, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. त्यांनी त्रिकोण मांडला होता. चौथा कोपरा त्यांच्या मुलाने शोधला, तोही समुद्रात नव्हे तर गव्हाच्या शेतात. ते जंतू वेगळे काढण्यात मात्र मुलालाही यश आले नाही. ते 1890 साली झ्यूरिकमध्ये सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने साधले.

आपल्या शेतकऱ्याला या जंतूंचे नाव ठाऊक नव्हते, काम ठाऊक होते. शेणखत ताजे घातले तर पीक करपते, कुजवून घातले तर तरारते, हे तो पिढ्यान्‌पिढ्या जाणत होता. जुन्या गोठ्यांच्या आणि पडक्या भिंतींच्या मातीतून सोरा काढणारे लोक हिंदुस्थानात गावोगाव होते. बंदुकीच्या दारूसाठी तो सोरा जहाजे भरभरून विलायतेस जाई. कपाशीच्या मुळाशी, गोठ्याच्या भिंतीत आणि माझ्या काचेच्या पेटीत चालणारे काम एकच आहे.

*

आपल्या देशात पहिले सार्वजनिक मत्स्यालय मद्रासला 1909 साली उघडले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाले, 2015 साली नूतनीकरण होऊन पुन्हा उघडले, आणि 2020 च्या साथीत त्याची दारे मिटली. वऱ्हाडातल्या कित्येक मुलांनी समुद्रातला मासा पहिल्यांदा जिवंत पाहिला तो मुंबईच्या सहलीत, तेथे. पण या दोन्ही ठिकाणी लॉइडचा हौद म्हणजे समोरचा समुद्रच. समुद्रापासून दूर घरात खारे पाणी राखणे साधले ते 1960 नंतर. 1961 साली जकार्ताच्या ली चिन एंगने आपली पद्धत प्रसिद्ध केली: प्रवाळखडकाचे सच्छिद्र, जिवंत दगड पेटीत रचावेत आणि हवेचे बुडबुडे सोडावेत, एवढेच. दगडांच्या असंख्य छिद्रांत जंतूंची वस्ती असते आणि तीच पाणी राखते. जर्मनीत त्याच सुमारास फेस काढणारे यंत्र घरगुती पेट्यांत आले. आपल्याकडे गुऱ्हाळात रस उकळताना वर येणारी मळी झाऱ्याने काढतात, तसेच हे. बारीक बुडबुड्यांना पाण्यातली चिकट घाण बिलगते, फेस होऊन वर चढते आणि वाटीत जमते. कुजण्यापूर्वीच ती बाहेर जाते. समुद्रकिनारी लाटांचा फेस वाळूवर साचतो तोही याच जातीचा.

माझी पेटी या साऱ्यांच्या पुण्याईवर चालते. बोअरचे पाणी क्षारांनी भरलेले, म्हणून आधी ते शुद्धीकरण यंत्रातून काढावयाचे. मग दर लिटरला पस्तीस ग्रॅम या मानाने तयार समुद्रमीठ, म्हणजे दोनशे लिटरांना सात किलो. त्यानंतर रिकाम्या पेटीकडे सुमारे महिनाभर पाहत बसावयाचे. अमोनियाचा एक थेंब घालून रोज परीक्षा करावी: आधी अमोनिया चढतो, मग तो उतरून नायट्राइट चढते, मग तेही उतरते. श्लोझिंग आणि म्यूंत्स यांचे ते वीस दिवस आजही कोणाला चुकत नाहीत. दुकानात सर्व यंत्रे विकत मिळतात. हा महिना विकत मिळत नाही. पेटीत मी कोरडे सच्छिद्र दगड ठेवले आहेत. 2001 साली सरकारने पोवळी आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत घातले, तेव्हा प्रवाळाचे जिवंत दगड घरी आणण्याचा प्रश्नच नाही. एडमंड गॉसची खंत आठवली की हा कायदा मला जाच वाटत नाही. क्लाउन मासे पैदाशीचे मिळतात; केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती विद्या आपल्या देशात बसविली आहे.

उन्हाळा हा आमच्या समुद्राचा कसोटीचा काळ. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, पेटीतले पाणी रोज दोन-तीन लिटर उडून जाते. पण उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून भर घालावयाची ती गोड्या पाण्याची. हे विसरले तर काय होते ते पाहावयाचे असेल तर आमच्या पश्चिमेला लोणारला जावे. उल्कापाताने झालेल्या त्या विवरात गोड्या पाण्याचे झरे येतात, बाहेर मात्र काहीच जात नाही. हजारो वर्षे पाणी उडत राहिले, क्षार साठत राहिले, आणि आता तेथे मासा जगत नाही. जगतात ते खाऱ्याचे प्रेमी सूक्ष्मजीव. 2020 च्या जून महिन्यात पाणी गुलाबी झाले ते त्यांच्याचमुळे. निसर्गाने वऱ्हाडात ठेवलेली ती बिननिचऱ्याची काचपेटीच आहे.

आणि वीज. भारनियमनात किंवा वळवाच्या वादळात वीज गेली की पंप थांबतो. मासे तेवढ्यावर गुदमरतात असे नाही. दगडांतले ते अदृश्य कामकरीही प्राणवायूवाचून मरू लागतात, आणि ते मेले की पेटी पुन्हा 1850 मध्ये जाते. बॅटरीचा हवापंप असतो, तोही संपतो. मग आम्ही घरातले सारे पाळीपाळीने तांब्याने पाणी उचलून उंचावरून पेटीत ओततो. अर्धा-पाऊण तासात मनगटे भरून येतात. शास्त्राचा पावणेदोनशे वर्षांचा प्रवास त्या वेळी वजा होतो आणि वेस्टमिन्स्टरची ती खिडकी तेवढी उरते.

एक प्रश्न मात्र कोणीही पूर्णपणे सोडविलेला नाही. जंतू अमोनियाचा सोरा करतात; त्या सोऱ्याचे पुढे काय? शेतात तो पीक उचलते. पेटीत दगडांच्या अगदी आतल्या, प्राणवायू नसलेल्या छिद्रांत दुसरे जंतू त्यातला थोडा नत्रवायू करून सोडून देतात. बाकीचा साठत जातो. म्हणून पंधरा दिवसांनी वीस लिटर पाणी काढावे लागते आणि तेवढेच नवे घालावे लागते. ही बादली मी कोठे ओतावी? अंगणात ओतली तर काळी माती चोपण होणार. गटारात ओतली तर ती कोणाच्या तरी शेताजवळून नदीला जाणार. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पसरलेला खारपाणपट्टा आहे. तेथली गावे विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर कशी दिवस काढीत आली, हे ज्याने पाहिले त्याला एक बादली खारे पाणीही जमिनीवर ओतवत नाही. आपल्या घरातले पाणी निर्मळ करताना मळ दुसऱ्याच्या दारी सरकवणे ही तर जगातल्या बहुतेक शहरांची जुनी रीत आहे.

म्हणून मी ती बादली गच्चीवर नेतो. तेथे प्लास्टिकचा उथळ, रुंद ट्रे आहे. उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांत पाणी उडून जाते, हिवाळ्यात जास्त दिवस लागतात. पावसाळ्यात वर पत्रा टाकावा लागतो. तळाशी राहते ते सुमारे सातशे ग्रॅम करडे मीठ, किंचित माशाचा वास असलेले. ते खरवडून मी झाकणाच्या डब्यात भरतो. असे डबे जिन्याखाली ओळीने मांडलेले आहेत. त्यांचे पुढे काय करावयाचे याचे उत्तर अजून माझ्यापाशी नाही. पण निदान मळ किती आहे ते मला मोजता येते, आणि तो माझाच आहे हे ठाऊक असते.